पांदणीसाठी जुनी फोर-बाय-फोर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सादर नमस्कार. मारेगाव तालुक्यात (जि. यवतमाळ) आमचे कपाशी आणि तुरीचे शेत डांबरी रस्त्यापासून बरेच आत आहे. पावसाळ्यात पांदण इतकी चिघळते की ट्रॅक्टरखेरीज काही जात नाही आणि रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर फार हाल होतात. म्हणून जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येणारी गाडी, घेण्याचा विचार आहे. दोन गाड्या पाहिल्या आहेत : 1994 ची डिझेलवरची महिंद्रा एमएम 540, जिचे इंजिन नुकतेच बांधले आहे असे मालक सांगतो, आणि 2004 ची पेट्रोलवरची मारुती जिप्सी, जी पूर्वी ताडोबाच्या सफारीत चालत होती. गाडी आणि दुरुस्ती मिळून जेमतेम अडीच लाख रुपये दोन वर्षांत खर्च करू शकतो. कोणती घ्यावी आणि कामाला कुठून सुरुवात करावी?

उत्तर : आपल्या पत्रात इंजिनाचा उल्लेख आहे, पण चेसिसचा (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा) आणि कागदपत्रांचा नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. इंजिन वणीत, यवतमाळात किंवा नागपुरात कुठेही बांधून मिळते. लायनर, पिस्टन, क्रँकचे काम करणारे कारागीर आपल्या भागात पुष्कळ आहेत. चेसिसला तडा गेलेला असेल किंवा आरसी बुकात घोळ असेल, तर मात्र पैसा ओतूनही गाडी आपली होत नाही. त्यामुळे दोन्हींपैकी ज्या गाडीची चेसिस सरळ आणि कागद स्वच्छ असतील ती घ्यावी, मग तिचे इंजिन धूर का मारत असेना, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदांचे आधी पाहू. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून तिचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजे 1994 च्या गाडीचे नूतनीकरण 2009, 2014, 2019 आणि 2024 मध्ये झालेले असायला हवे आणि 2004 च्या गाडीचे 2019 आणि 2024 मध्ये. मधला एखादा टप्पा चुकला असेल तर विलंबाचे शुल्क आणि धावपळ विकत घेणाऱ्याच्या माथी येते. 1 एप्रिल 2022 पासून अशा मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 5,000 रुपये झाले आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरील गाड्यांसाठी ते 10,000 रुपये करण्यात आले. महाराष्ट्रातला पर्यावरण कर त्याशिवाय वेगळा. ही रक्कम आपल्या अडीच लाखांत आजच धरून ठेवा. नावावर करण्यासाठी नमुना 29 आणि 30 लागतात, जुने कर्ज असेल तर नमुना 35 वर बँकेचा शिक्का लागतो, आणि गाडी मध्य प्रदेशात किंवा तेलंगणात नोंदलेली असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये.

जिप्सी सफारीतली आहे, म्हणून तिच्याविषयी दोन गोष्टी अधिक तपासाव्या लागतील. ती भाडोत्री परवान्यावर, म्हणजे पिवळ्या पाटीवर असेल, तर खाजगी करून घेण्याची प्रक्रिया विकणाऱ्याने पुरी करून द्यावी, असे व्यवहारातच ठरवा. दुसरे म्हणजे सफारीसाठी अशा गाड्यांचे छत आणि मागचा भाग कापून बाके बसवलेली असतात. आरसीवर लिहिलेली आसनसंख्या आणि बॉडीचा प्रकार समोरच्या गाडीशी जुळतो की नाही, हे आरटीओचा निरीक्षक पाहतोच. तेव्हा ते आपण आधी पाहिलेले बरे.

चेसिस तपासण्यासाठी सकाळच्या उजेडात जावे आणि सोबत एक तारेचा ब्रश, पांढरा कागद आणि शिसपेन्सिल न्यावी. चेसिसच्या लांब पट्टीवर जिथे नंबर ठोकलेला असतो, तिथली माती आणि ग्रीस ब्रशने काढून त्यावर कागद धरावा आणि पेन्सिल आडवी घासावी. अक्षरे कागदावर उमटतात. ती आरसीशी एकेक करून ताडून पाहावीत. अक्षरांची खोली सारखी आहे का, ओळ सरळ आहे का, भोवतीचा पत्रा घासलेला किंवा वेल्डिंग केलेला आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे. त्यानंतर गाडीखाली झोपून पाट्यांचे (चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगांचे) हँगर, शॉकअपच्या ब्रॅकेटा, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे पाहावेत. तडे जातात ते इथेच. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने विदर्भात वापरलेल्या गाडीला कोकणातल्या गाडीइतका गंज लागत नाही. मात्र वणी-घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यात राबलेल्या गाडीच्या चेसिसमध्ये भुकटी साचून पावसात ओल धरते, म्हणून तिथल्या गाडीची पट्टी हातोडीने हलके ठोकून पाहावी. खणखणीत आवाजाऐवजी बदबद आवाज आला तर आतून पत्रा गेला आहे असे समजावे.

आता फोर-व्हील खरोखर चालते का, हा प्रश्न. पुष्कळ जुन्या जीपांचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) काढून टाकलेला असतो, किंवा पुढच्या हाऊसिंगमधले (दोन चाकांमधल्या अॅक्सलच्या लोखंडी कवचातले) गिअर तुटल्यावर ते तसेच सोडून दिलेले असतात. लिव्हर मात्र जागेवर असते आणि मालक ती पुढेमागे करून दाखवतो. खात्री करण्याचा एक साधा उपाय आहे. सपाट जमिनीवर इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये घालावी, ट्रान्सफर केसची (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीची) लिव्हर फोर-व्हीलमध्ये आणावी, चाकांवर हब लॉक (पुढची चाके शाफ्टला जोडणाऱ्या खिट्ट्या) असतील तर ते लावावेत, हँडब्रेक ओढावा, बाकीच्या तिन्ही चाकांना दगड लावावेत आणि पुढचे एकच चाक जॅकने उचलावे. ते चाक हाताने फिरले नाही, तर पुढची जोडणी शाबूत आहे. ते सहज गरगर फिरू लागले, तर कुठेतरी दुवा तुटलेला आहे. दुसऱ्या चाकासाठीही हेच करावे. नंतर पडीक शेतात लो गिअरमध्ये (वेग कमी पण ओढ जास्त देणाऱ्या फोर-व्हीलच्या खालच्या गिअरमध्ये) उतारावर गाडी सोडून पाहावी. लिव्हर आपोआप बाहेर उडाली तर ट्रान्सफर केस खोलावी लागणार, हे धरून भावात तेवढे कमी करून घ्यावेत.

आणखी एक परीक्षा माझ्या आवडीची आहे, कारण ती फसवता येत नाही. पुढच्या आणि मागच्या हाऊसिंगचा ऑइल भरण्याचा नट खोलून आत करंगळी घालावी. बोटाला लागलेले ऑइल काळपट पण तुकतुकीत असेल तर ठीक. ते दुधाच्या चहासारखे फिकट आणि गढूळ निघाले, तर नाल्यातून जाताना आत पाणी शिरले आहे आणि बेअरिंगांना गंज धरला असण्याची शक्यता आहे. बोट अंगठ्यावर चोळल्यावर चमकणारे लोखंडाचे कण दिसले, तर गिअर झिजत आहेत.

या सगळ्यांत दोन्ही गाड्या सारख्याच उतरल्या, तर आपल्या कामासाठी मी एमएम 540 निवडीन. तिचे 2112 सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन जुन्या बांधणीचे आहे, त्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही आणि तालुक्याच्या मिस्त्रीला ते तोंडपाठ असते. जिप्सी हलकी असल्याने चिखलात खरोखर छान चालते आणि तिचे 1298 सीसीचे इंजिन दणकट आहे, पण पेट्रोलचा खर्च जास्त येतो. शिवाय आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यामुळे जुन्या गाडीतले रबरी फ्यूएल पाइप आणि गॅस्केट एकदा बदलून घ्यावे लागतील.

दुरुस्तीचा क्रम ठरवताना रंगरंगोटीचा मोह आवरा. गाडी थांबली पाहिजे, वळली पाहिजे आणि तापता कामा नये, एवढ्यावर पहिल्या वर्षाचा पैसा घालावा. ब्रेकमध्ये चारही चाकांच्या व्हील सिलिंडरचे किट, लायनर, मास्टर सिलिंडर, रबरी होज आणि नवीन ब्रेक ऑइल एकदमच करावे. एकेक चाक करत बसल्याने गाडी एका बाजूला ओढते. स्टिअरिंगला चाल (ढिलाई) असेल, किंवा वेग वाढल्यावर पुढची चाके थरथरत असतील, तर किंगपिनची बेअरिंगे, टाय रॉडचे एंड आणि पाट्यांचे बुश या क्रमाने पाहावे. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून चाल कमी करून देणारा मिस्त्री टाळावा, कारण त्याने दुखणे झाकले जाते आणि बॉक्स जाम होतो.

तापण्याचा प्रश्न आपल्याकडे विशेष गंभीर आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि लो गिअरमध्ये गाडी हळू चालत असताना रेडिएटरला वारा मिळतो तो फक्त पंख्याचा. त्यात बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने नळ्यांमध्ये क्षार बसलेले असतात. रेडिएटर काढून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्यावा, थर्मोस्टॅट आणि होज बदलावेत, पंख्याभोवतीचे आवरण नसेल तर बसवावे आणि नंतर कूलंट व शुद्ध पाणी यांचे मिश्रणच वापरावे. थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी थंड राहते, असा समज गॅरेजांमध्ये घट्ट बसलेला आहे; त्याने थंडीत इंजिन कधी नीट गरम होत नाही आणि डिझेलही जास्त जळते.

दुसऱ्या वर्षी ट्रान्सफर केस, हाऊसिंगचे ऑइल सील, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि पाटे करावेत. टायर मात्र येत्या पावसाळ्याआधीच घ्या. आपली काळी माती टायरच्या खाचांत भरली की चाक गुळगुळीत होते, म्हणून मोठ्या, मोकळ्या खाचांचे टायर घ्यावेत, जे फिरता फिरता माती फेकून देतात. जीपचे मूळचे 6.00-16 मापाचे अरुंद टायर आपल्या पांदणीला उत्तम आहेत, कारण वरचा गाळ कापून ते खालच्या मुरमापर्यंत पोहोचतात. जिथे मुरूम पडलेलाच नाही, तळापर्यंत नुसती काळी मातीच आहे, तिथे सततच्या पावसात कोणतीही गाडी घालू नये. चाकोऱ्या खोल होऊन पांदण बैलगाडीलाही उरत नाही आणि शेजाऱ्यांशी वाद होतात ते वेगळेच.

प्रश्न : आम्ही धारणीला (जि. अमरावती) राहतो. यजमानांनी गेल्या वर्षी जुनी बोलेरो फोर-बाय-फोर घेतली. परतवाड्याहून सेमाडोह-हरिसाल मार्गे घाटाने येताना पाऊस असला की ते फोर-व्हील लावूनच चालवतात. वळणावर स्टिअरिंग अतिशय जड होते, गाडी अडखळल्यासारखी होते आणि नंतर लिव्हर परत येत नाही. गाडीत दोष आहे का?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून गाडी बहुधा निर्दोष आहे, वापर चुकीच्या ठिकाणी होत आहे. वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त फिरावे लागते. अशा गाड्यांमध्ये फोर-व्हील लावले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी जखडले जातात आणि दोन्ही एकाच गतीने फिरतात. मातीवर, वाळूवर किंवा गिट्टीवर चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. डांबराची पकड जास्त असल्याने तो फरक शाफ्ट आणि गिअरांत पीळ होऊन साठतो. स्टिअरिंग जड होते ते त्यामुळे, आणि लिव्हर अडकते तीही त्याच ताणाने. जोर लावून ती ओढू नये. गाडी सरळ ठेवून थोडी मागे घ्यावी, पीळ सुटतो आणि लिव्हर सहज येते.

डांबरी घाट ओला असला तरी टू-व्हीलमध्येच, खालच्या गिअरवर, सावकाश यावे. फोर-व्हील आतल्या कच्च्या रस्त्यासाठी राखून ठेवावे. कच्च्या तीव्र उतारावर तर लो गिअर फार उपयोगी पडतो, कारण गाडी इंजिनावरच रोखली जाते आणि ब्रेक तापत नाहीत. एक गोष्ट मात्र जरूर तपासून घ्यावी : चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्याच झिजेचे आहेत का? पुढे नवीन आणि मागे गोटा झालेले टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ पडत राहतो.

प्रश्न : माझ्याकडे (साकोली, जि. भंडारा) जुनी जीप आहे. तिला मोठे टायर, पुढे बुलबार (बंपरपुढचा लोखंडी कठडा) आणि दुसऱ्या गाडीचे ताकदीचे इंजिन बसवायचे आहे. कायद्याची अडचण येईल का?

उत्तर : येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले आहे. इंजिन बदलायचे तर आरटीओची आगाऊ परवानगी घ्यावी लागते आणि आरसीवर नवीन इंजिन क्रमांकाची नोंद करावी लागते; ती नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. बुलबारला केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच मनाई केली आहे, कारण पादचाऱ्याला त्याने गंभीर इजा होते. टायरचा व्यास वाढवला की ब्रेकची पकड कमी पडते, क्लचवर ताण येतो आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो.

धानाच्या बांध्यांतून जायचे असेल तर त्या पैशांतून पुढे-मागे एकेक ओढण्याचा हूक बसवून घ्या. तो बंपरला न लावता चेसिसच्या पट्टीला जाड बोल्टांनी पक्का केलेला असावा, सोबत चांगल्या प्रतीचा दोर आणि दोन शॅकल (दोर हुकाला जोडण्याच्या लोखंडी कड्या) ठेवावेत आणि गाडी ओढताना दोराच्या आसपास कोणालाही उभे राहू देऊ नये.