तीन मिनिटांत गाणं का संपतं?

प्रश्न: माझ्याकडे ब्लूज, जॅझ, वेस्टर्न क्लासिकल सगळंच आहे, पण जुनं ब्लूज ऐकताना जरा रंग चढला की गाणं संपतंच, असं का?

उत्तर: अहो, दोष गायकाचा नाही, तबकडीचा! ७८ आरपीएमच्या (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) १० इंची रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम ३ मिनिटं मावायची, मग ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन असो की कुणी, तेवढ्यात आटपायचं. जॅझवाल्यांचे सोलोही (एकट्याने वाजवायचे भाग) तसेच आखडते आणि सिम्फनीचे, म्हणजे वाद्यवृंदाच्या लांबलचक रचनेचे, तर तुकडे पाडून पाच-सहा तबकड्या व्हायच्या, त्या ज्या जाड पुस्तकासारख्या कव्हरात ठेवायचे तो अल्बम, शब्द तिथूनच चिकटला. १९४८ मध्ये कोलंबियाने ३३⅓ आरपीएमची एलपी (लाँग प्ले तबकडी) आणली, एका बाजूला वीसेक मिनिटं, मग काय, जॅझवाले सुटलेच. जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या, त्यातली चार ट्रॅक ९ मिनिटांच्या वर आहेत. मला विचाराल तर ते तीन मिनिटांचं ब्लूजच जास्त लागतं, फापटपसाराच नाही ना.

आणि हो, ७८ च्या तबकड्या एलपीच्या सुईने वाजवू नका, त्यांची खाच रुंद असते, वेगळी सुई लागते.