वावर गहाण टाकू नको, पण जा

भाऊ, "जग पाहायचं आहे" हे कारण घरी पटत नाही म्हणून तू अडला आहेस. आपल्याकडे वरूड-मोर्शीकडचा पोरगा बाहेर जातो तो शिक्षणाला नाहीतर नोकरीला. पण स्वतःला अजमावायला जाणं हेही मला पुरेसं कारण वाटतं, आणि त्याला सरळ रस्ता आहे.

ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा (उपवर्ग ४६२) २०२४ पासून भारतीयांना खुला झाला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, निवड सोडतीने, नोंदणी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि खात्यात सुमारे ५,००० डॉलर लागतात. वर्षभर राहायचं, फिरायचं, कामही करायचं. ठरावीक ग्रामीण भागात तीन महिने शेतीकाम केलं तर दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. संत्र्याची तोड केलेल्या हातांना हे काम परकं नाही. इथे तू शहरातल्या पोरांपेक्षा पुढे आहेस.

वावर गहाण टाकून किंवा सावकाराकडून उचलून मात्र जाऊ नको. डोक्यावर कर्ज असलं की मिळेल त्या मालकाकडे राबावं लागतं, फिरणं राहूनच जातं. सोडतीत नंबर लावून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नको.

पासपोर्ट आताच काढ. आणि निघण्याआधी आईजवळ बसून वरण-भात, पोळ्या, झुणका शिकून घे. तिथे बाहेरचं खाणं फार महाग पडतं.