ठणका, सणक, कळ: दुखण्याच्या वहीविषयी दोन पत्रे

प्रश्न: ताई, सादर नमस्कार. माझे वय ३१ असून मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यातला एसएस प्रकार, म्हणजे आईवडील दोघांकडून आलेला. साकोली तालुक्यात आमची धानाची शेती आहे. दोन वर्षांपूर्वी रुग्णालयात डॉक्टरांनी "दहापैकी किती दुखते?" असे विचारले, तेव्हा मला आकडा सांगता आला नाही, म्हणून त्यांनी दुखण्याच्या दिवसांची वही ठेवायला सांगितले. वहीत काय लिहावे ते कळेना. एका संध्याकाळी माझे पाय चेपता चेपता आजेसासूबाईंनी विचारले, "ठणकते का सणक जाते?" त्या दिवसापासून मी शब्द लिहू लागले. आता शेजारच्या म्हाताऱ्या बायाही येऊन बसतात आणि आपापल्या दुखण्यांचे, बाळंतपणांचे, विंचू चावल्याचे शब्द सांगतात. दीडशेच्या वर शब्द जमले आहेत आणि असा आनंद मला पूर्वी कशातच झाला नव्हता. मात्र रोवणीच्या दिवसांत घरची सगळी माणसे बांधीत चिखलात उभी असताना मी खाटेवर वही घेऊन बसते, याची लाज वाटते. दुखण्याचा झटका आला की पेन धरवत नाही. तो ओसरू लागला की लिहिते. १९ जूनला सिकलसेल दिनी गावातील मंडळी 'प्रेरणादायी महिला' म्हणून माझा सत्कार करणार आहेत. आजारानेच मला हे दिले, असे भाषणात सांगावे का? आणखी एक गोष्ट मी कोणालाच बोलले नाही. बरे वाटते त्या आठवड्यात वही पुढे सरकत नाही, म्हणून दोनदा मी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी मुद्दाम टाळली.
(एक वाचक, जि. भंडारा)

उत्तर: तुम्ही शेवटी लिहिलेली गोष्ट मी आधी घेते. गोळी पुन्हा टाळू नका, आणि टाळली होती हे पुढच्या तपासणीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. तुमची दहा ते वीस दिवसांत मोडते, आणि विळ्यासारखी वाकलेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकली की त्यापुढच्या हाडाला रक्त मिळेनासे होते. हायड्रॉक्सीयुरियामुळे, बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन असते ते पुन्हा वाढते आणि पेशी वाकण्याचे प्रमाण घटते. पण हा परिणाम महिनोन्महिने नियमित घेतलेल्या गोळीचा असतो, त्या दिवशीच्या गोळीचा नसतो. एक दिवस गोळी चुकल्याने दुसऱ्या दिवशी काही झाले नाही, यावरून ती निरुपयोगी आहे असा समज होतो आणि तिथूनच गोळ्या सुटत जातात. (मूल हवे असेल तर मात्र ही गोळी चालू ठेवण्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलले पाहिजे.)

शिवाय गोळी टाळण्यामागचा तुमचा तर्क तुमच्याच पत्रातल्या एका वाक्याने खोटा ठरतो. झटका आला की पेन धरवत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे वही भरते ती दुखणे ओसरल्यावर, कोणीतरी पाय चेपायला आणि चार बाया गप्पा मारायला शेजारी बसलेल्या असताना. बरे वाटते त्या आठवड्यात त्या येत नाहीत, कारण चांगल्या माणसाला भेटायला कोण येते? पुढच्या चांगल्या आठवड्यात तुम्हीच वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जा आणि काय होते ते पाहा.

आता वहीविषयी. पत्रासोबत तुम्ही पाठवलेली चार पाने मी तीनदा वाचली. आपल्या भाषेत प्रत्येक दुखण्याला स्वतःचे क्रियापद असते, हे इतकी वर्षे रुग्ण पाहूनही माझ्या लक्षात आले नव्हते. ठणका लागतो, कळ उठते, सणक जाते, उसण भरते, वांब येतात. आणि या सगळ्यांत दुखणे कर्ता असते, माणूस नसतो. 'मी दुखतो' असे कोणी म्हणत नाही, 'मला दुखते' असेच म्हणतो. ठसठस, फणफण, चुणचुण, हुळहुळ असे जोडीने येणारे शब्द तुम्ही वेगळ्या पानावर काढले आहेत, त्यावरून एक गोष्ट आठवली. घाना देशातील डॉक्टर कोनोटे-अहुलू यांनी नोंदवले आहे की तिकडच्या लोकभाषांत या आजाराला फार जुनी नावे आहेत आणि त्यांपैकी काही अशीच आवाजाची पुनरुक्ती करणारी आहेत. गा भाषेत 'च्वेच्वेच्वे' म्हणतात. शिकागोचे डॉक्टर हेरिक यांनी वाकलेल्या पेशींचे वर्णन १९१० मध्ये प्रसिद्ध केले, त्याच्या कितीतरी आधी तिथल्या लोकांनी दुखण्याच्या ठेक्यावरून त्याचे नाव ठेवले होते. तुमच्या आजेसासूबाईंचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

तो प्रश्न उपचारासाठीही उपयोगी आहे, म्हणून वहीत एक रकाना वाढवावा असे सुचवते: शब्द, जागा, आणि आदल्या दिवशी काय झाले होते. हाडात खोल ठणका लागला, आणि आदल्या दिवशी उन्हात पाणी कमी प्यायले गेले किंवा पावसात अंग भिजले असेल, तर पुढच्या वेळी काय टाळायचे ते तुम्हालाच दिसेल. मे महिन्यातील ऊन आणि आषाढातील चिखलपाणी, दोन्ही तुमच्या आजाराचे वैरी आहेत. मात्र काही नोंदी लिहीत बसायच्या नाहीत, तडक दवाखाना गाठायचा. छातीत सणक जाऊन धाप लागणे, अंगात नुसती कसर नसून १०१ अंशांपर्यंत ताप चढणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगून चेहरा पांढरा पडणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तरी त्या दिवशी वही बंद ठेवा.

लाजेविषयी मला थोडे कठोर बोलावे लागेल. रोवणीला तुम्ही उभ्या राहिलात तर दोन दिवसांनी घरातील एक माणूस तुमच्यासोबत रुग्णालयात अडकेल आणि बांधीत दोन हात कमी होतील; खाटेवर राहणे हा तुमच्या घराच्या दृष्टीनेही शहाणपणाचा हिशेब आहे. तो घरच्यांना तुम्ही एकदा मोकळेपणाने सांगितला आहे का, हे पत्रावरून कळत नाही. बसून होण्याजोगी कामे, मजुरीचा हिशेब, बियाणे-खतांच्या नोंदी, वाटून घ्या. शब्द गोळा करणे हे त्याखेरीज तुमचे स्वतःचे काम आहे आणि ते कोणाची भरपाई म्हणून करू नका.

सत्कार घ्या, हरकत नाही. मात्र आजाराने मला हे दिले, असे म्हणू नका. ते खरे नाही आणि समोर बसलेल्या एखाद्या आईला, जिचे मूल याच आजाराने गेले आहे, ते टोचेल. हे तुम्हाला आजेसासूबाईंनी आणि शेजारणींनी दिले, त्यांना मंचावर बोलवा आणि दहा शब्द त्यांच्याच तोंडून ऐकवा. वेळ उरला तर एवढे सांगा की २०२३ च्या १ जुलैला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते, आणि आईवडील दोघेही वाहक (स्वतःला आजार नसून त्याचा दोष मुलाला देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्न ठरवण्यापूर्वी पत्रिकेसोबत रक्ताचा अहवालही पाहिला जावा, असे मला फार वाटते.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे, वय ६४. नऊ वर्षांपासून संधिवात (आमवात) असून बोटे वाकली आहेत. लोक म्हणतात, आपल्या वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या बाबा आमट्यांकडे पाहा, प्रेरणा घ्या. मला प्रेरणा येत नाही, फक्त थकवा येतो. हा माझा दोष आहे का? रोज पाच गोळ्या घेतो: कॅल्शियम, फॉलिक अॅसिड, मेथोट्रेक्सेट, पित्ताची एक आणि दुखण्याची एक.
(एक वाचक, आर्वी)

उत्तर: गुरुजी, दोष मुळीच नाही, या आजारात थकवा हे दुखण्याइतकेच खरे लक्षण आहे. बाबा आमट्यांचे नाव घेणारी माणसे बहुधा त्यांची जिद्द सांगतात. मला त्यांच्या आयुष्यातील एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. मणक्याच्या विकारामुळे त्यांना कित्येक वर्षे बसता येत नव्हते, उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच शक्य होते. तरीही १९८५ मध्ये सत्तरी ओलांडलेली असताना ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले, आणि वाहनात आडवे पडून प्रवास केला. म्हणजे शरीराला जे जमत नाही ते मान्य करून कोणीतरी आधी त्यांच्यासाठी पडण्याची सोय केली होती. तुम्हाला खडू धरवत नसेल तर जाड मुठीचे पेन, हँडलला कापड गुंडाळलेला चमचा आणि सकाळचा आखडलेपणा जाईपर्यंत कोणीही काम न सांगणारे घर, इतकी सोय आधी होऊ द्या.

तुमच्या पत्रातील 'रोज' या शब्दाने मात्र मी दचकले, आणि अंक निघण्याची वाट न पाहता तुम्हाला त्याच दिवशी फोन केला. या आजारासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते. रोज घेतल्यास रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात आणि जीवावर बेतू शकते. तुम्ही फोनवर सांगितले की गोळी सोमवारचीच आहे, लिहिताना चूक झाली. इतर वाचकांनी आपापली पाकिटे आज एकदा काढून पाहावीत, आणि पाकिटावर वाराचे नाव ठळक लिहून ठेवावे.