बाबांच्या १९७८च्या फोटोतलं किटलीच्या आकाराचं कॉफीचं दुकान सापडलं, पण आजूबाजूचं काहीच जुळत नाही. मूळ जागा कशी शोधू?

तुम्ही लिहिलंय की तुमचे बाबा शिकायला असताना पिट्सबर्गहून वॉशिंग्टनला निघाले होते आणि वाटेत पेनसिल्व्हेनियातल्या बेडफर्ड गावी या किटलीपुढे त्यांनी फोटो काढला. आता बाबा नाहीत. तुम्ही आईला घेऊन तिथे गेलात, तर किटली तीच, पण मागची इमारत गायब आणि टेकडीचा उतारही वेगळा. आईंना वाटलं, फोटो दुसरीकडचाच असणार.

आधी आईंना एवढं सांगा की फोटो बेडफर्डचाच आहे. जागेवरून हलली आहे ती किटली.

१९२७ साली बर्ट कून्ट्झ यांनी आपल्या पेट्रोल पंपाशेजारी हे अठरा फुटी दुकान उभारलं. समोरून जाणारा रस्ता म्हणजे लिंकन हायवे, न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को. भरधाव गाडीतून पाटी वाचायला वेळ मिळत नाही, म्हणून दुकानालाच किटलीचं रूप दिलं. तोटी आणि कान धरून. पुढे तिचा बार झाला आणि मागे छोटं हॉटेल बांधलं गेलं. तुमच्या फोटोत मागे दिसणारी इमारत बहुधा तीच. १९४०मध्ये पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा टोल भरून जायचा द्रुतगती रस्ता सुरू झाला आणि लांबचे प्रवासी त्या रस्त्याने जाऊ लागले. नव्वदच्या दशकात किटली बंद पडली, पाडायची वेळ आली. तेव्हा लिंकन हायवेचा वारसा जपणाऱ्या संस्थेने ती विकत घेतली आणि २००३च्या अखेरीस उचलून रस्त्यापलीकडे, काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) जत्रेच्या मैदानाच्या कडेला नेऊन बसवली. म्हणजे तुम्ही दोघी उभ्या होतात तिथून बाबांची जागा फक्त रस्ता ओलांडून होती.

मी पिट्सबर्गला राहतो. पहिल्यांदा जुनं पोस्टकार्ड घेऊन तिथे गेलो तेव्हा माझाही असाच गोंधळ झाला होता. तासभर मी किटलीभोवती फिरत होतो. शेवटी गावातल्या एका आजोबांनी न बोलता समोरच्या बाजूला बोट दाखवलं. तेव्हापासून अशी जागा शोधताना मी इमारतीकडे बघतच नाही, तिच्या मागे काय आहे ते बघतो.

तुम्हीही तेच करा. फोटोत दूरची एक गोष्ट निवडा, टेकडीचा माथा किंवा दोन उतार मिळतात ती खाच. मग जवळची एक, जी पन्नास वर्षांत हललेली नसेल: एखाद्या जुन्या घराचं धुराडं किंवा चर्चचा कळस. फोटोत ती दोन जशी एकमेकांपुढे येतात तशी दिसेपर्यंत रस्त्याच्या कडेने चालत राहा. दहा पावलं इकडेतिकडे झाली तरी जवळची वस्तू सरकते, दूरची जागेवर राहते, त्यामुळे चूक लगेच कळते. विजेच्या खांबांवर मात्र विसंबू नका, ते बदलतात.

ऊनही मदत करतं. बेडफर्ड चाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे तिथे भर दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. भर दुपारच्या फोटोत दुकानाच्या दर्शनी भागावर ऊन असेल तर त्याचं तोंड दक्षिणेकडे. (पुण्यात हा हिशेब मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चुकतो, कारण तेव्हा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो.)

घरी बसून करायचं काम म्हणजे विमानातून काढलेले जुने फोटो. पेनसिल्व्हेनियाचे असे फोटो ‘पेन पायलट’ या संग्रहात फुकट बघता येतात, एक फेरी साधारण १९३७ ते १९४२ची, दुसरी १९६७ ते १९७२ची. तुम्हाला दुसरी जवळची. त्यात किटली ठिपक्याएवढीच दिसेल, म्हणून हॉटेलचं छप्पर शोधा आणि आजच्या उपग्रह नकाशावर तीच जागा ताडून बघा. एवढ्यावर समाधान झालं नाही तर काउंटीच्या कचेरीत जमिनीचे खरेदीखतांचे दस्त असतात. आपल्या सातबाऱ्यासारखाच मालकांचा माग लागतो, पण त्याला पूर्ण दिवस काढून जावं लागतं. मी आधी टेकडी जुळवून बघेन.

पुन्हा जाल तेव्हा फोनचा नकाशा तुम्हाला गावाबाहेरच्या नव्या ३० नंबरच्या रस्त्यावर नेईल. ते ऐकू नका, गावातून जाणारा वेस्ट पिट स्ट्रीट धरा. आणि बाबांचा फोटो मोठा छापून न्या. उन्हात फोनच्या पडद्यावर टेकडीची कड दिसत नाही, आणि आईंनाही कागद हातात धरून मिळवून बघणं सोपं जाईल.