न्यूमोनियासाठी घामाची तपासणी कशाला?

प्रश्न : माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. आतापर्यंत तीनदा न्यूमोनिया झाला. भूक चांगली आहे, पण वजन जेमतेम साडेसहा किलो. शी तेलकट आणि फार घाण वासाची होते. डॉक्टरांनी घामाची तपासणी सांगितली आहे. छातीच्या दुखण्याला घाम कशाला तपासायचा? आमच्या दोन्ही घरांत असं कुणालाच नाही. सासूबाई म्हणतात, माझ्या दुधातच कस नव्हता.
— एक आई, जळगाव

उत्तर : ताई, आधी शेवटच्या वाक्याबद्दल. तुमच्या दुधाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे सासूबाईंना माझं नाव घेऊन सांगा.

तुमच्या डॉक्टरांना सिस्टिक फायब्रोसिस या जनुकीय आजाराची शंका आली आहे आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून ती रास्त वाटते. सातव्या गुणसूत्रावरचं सीएफटीआर हे जनुक बिघडलं की पेशींमधून क्षार आणि पाण्याची ये-जा अडते. छातीतला कफ डिंकासारखा चिकट होतो, त्यात जंतू ठाण मांडतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, पाचकरस आतड्यात उतरत नाही, आणि खाल्लेलं तूप-दूध शीवाटे निघून जातं. म्हणून मूल खातं, पण बाळसं धरत नाही. आपल्याकडे अशा मुलांवर दमा किंवा क्षयाचा शिक्का बसतो आणि महिनोन्‌महिने वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता घाम. न्यूयॉर्कमध्ये १९४८च्या उष्णतेच्या लाटेत अशी मुलं क्षार कमी होऊन गळून जाताना डॉ. पॉल डी सँट अ‍ॅग्नीस यांनी पाहिली. घामातून मीठ वाहून जात होतं. आजची तपासणी त्यावरच उभी आहे. हातावर औषध लावून अगदी सौम्य विद्युतप्रवाह देतात, थोडी चुणचुण होते, मग अर्धा तास घाम गोळा करतात. सुई नाही. घामातलं क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त आलं तर आजार असण्याची दाट शक्यता, ३० च्या खाली असेल तर शक्यता फार कमी. मधला आकडा आला किंवा घाम पुरेसा जमला नाही, तर पुन्हा करून घ्या. ‘नॉर्मलच असेल’ म्हणून सोडून देऊ नका. निदान पक्कं करायला जनुक तपासणीही लागते. त्यात मोजकेच बदल तपासणारी स्वस्त चाचणी नको. युरोपात सर्रास दिसणारा बदल भारतीय मुलांत त्या मानाने कमी आढळतो, त्यामुळे तिचा ‘निगेटिव्ह’ अहवाल फसवू शकतो.

घराण्यात कुणाला नसणं हेच बहुतेक वेळा दिसतं. आई-बाप दोघांकडे या जनुकाची एकेक सदोष प्रत असते, दुसरी चांगली असल्याने दोघंही ठणठणीत असतात. बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळाल्या की आजार होतो. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर त्याआधी जनुकीय सल्ला घ्या.

तपासणीची तारीख लांबची असेल, तर एक गोष्ट आजच विचारा : जळगावच्या उन्हात बाळाला वरून मीठ द्यायचं का आणि किती. बाळ मलूल झालं, उलट्या लागल्या, तर रात्र काढू नका. थेट रुग्णालयात न्या आणि सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड तपासायला सांगा.