वाचकांचे प्रश्न : सॅनमधला कंट्रोलर० म्हणजे नक्की कुठला बॉक्स?

प्रश्न : आमच्या महापेच्या डेटा सेंटरमध्ये आयबीएमच्या सॅन व्हॉल्यूम कंट्रोलरमागे (सॅन म्हणजे स्टोरेजचं नेटवर्क, आणि ही त्यातले स्टोरेज बॉक्स एकत्र सांभाळणारी सिस्टीम) दोन जुने स्टोरेज बॉक्स आहेत, त्यातला एक काढायचाय. लिस्टमध्ये नुसतं कंट्रोलर० आणि कंट्रोलर१ दिसतं, दोघांपुढे आयबीएम, १८१४, फास्टटी असंच, सिरीयल नंबर रिकामा. सेटअप करणारे सोडून गेलेत. ओळखायचं कसं? शिवाय एकाला डिग्रेडेड, म्हणजे अर्धवट बिघाड, दाखवतंय पण डिस्क सगळ्या ऑनलाइन आहेत.
- एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आधी एक विनंती, खात्री होईपर्यंत काहीही काढू नका. या यादीत कंट्रोलर म्हणजे मागचा स्टोरेज बॉक्स, आणि कंट्रोलर० हे नाव सिस्टीमने आपलं आपण दिलेलं असतं, रॅकमध्ये वर कोण खाली कोण याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि १८१४ वाचून डीएस४७०० समजू नका, डीएस५०२० चा मशीन टाइपही १८१४ च आहे. हा मजकूर बॉक्स स्वतः सांगतो, स्कझीच्या (डिस्कशी बोलायच्या भाषेतल्या) इन्क्वायरीला, म्हणजे 'तू कोण' या प्रश्नाला, उत्तर म्हणून, त्यात कंपनीसाठी ८ अक्षरं आणि प्रॉडक्टसाठी १६, तेच १६ पुढे लो आणि हाय असे दोन रकान्यांत तोडून दाखवतात, म्हणून १८१४ एकीकडे आणि फास्टटी दुसरीकडे.

तुम्ही एलएसकंट्रोलर ही यादीची कमांड नुसती चालवली आहे, आता त्याच्यापुढे आयडी टाका, म्हणजे ० किंवा १, की पूर्ण माहिती येते. त्यात डब्ल्यूडब्ल्यूएनएन, म्हणजे त्या बॉक्सचा एकमेव ओळख नंबर, बघा, ओळख पटवायची ती यावरून. १६ आकडी असतो, २ ने सुरू होणारा असेल तर पहिले ४ सोडा, पुढचे ६ बनवणाऱ्या कंपनीचे, ते दोन्ही बॉक्सना सारखे असू शकतात, त्यामुळे शेवटचे ६ नीट जुळवा. बॉक्सच्या स्वतःच्या स्टोरेज मॅनेजरमध्ये प्रोफाइल उघडलं की तिथे हाच नंबर सापडतो. जुळला की लगेच सीएचकंट्रोलर या कमांडने यादीतलं नाव बदलून टाका, रॅक नंबर आणि मॉडेल असं काहीतरी. चालू कामाला याने धक्का लागत नाही, फक्त नाव आकड्याने सुरू करता येत नाही. हे काम मला खरंच फार महत्त्वाचं वाटतं, कारण रात्री दोनला अलर्ट आला की ड्यूटीवरचा माणूस नाव बघूनच धावतो.

आता डिग्रेडेडचं. त्याच पानावर खाली बॉक्सच्या प्रत्येक पोर्टचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा ओळख नंबर) आणि त्याच्यापुढे पाथ काउंट (आत्ता चालू वाटा) आणि मॅक्स पाथ काउंट (जास्तीत जास्त होत्या त्या वाटा) असतो. ज्या पोर्टचा पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा कमी, तिथे गडबड. डिस्क ऑनलाइन आहेत कारण दुसऱ्या वाटेने काम चाललंय, पण तीही गेली तर सगळंच बसेल म्हणून हे लांबवू नका. केबल, एसएफपी (केबल जिथे बसते तो छोटा मोड्यूल), स्विचचा पोर्ट, झोनिंग (कोण कोणाशी बोलू शकतो याची स्विचवरची नेमणूक) याच क्रमाने तपासा. कुणी तो पोर्ट मुद्दाम काढला असेल तर सिस्टीमला ते आपोआप कळत नाही, तिला तो बिघाडच वाटतो, अशा वेळी डिटेक्टएमडिस्क, म्हणजे डिस्क नव्याने शोधायची कमांड, हाताने चालवावी लागते.

काढायच्या बॉक्सच्या डिस्क कुठल्या ते एलएसएमडिस्क या डिस्कच्या यादीच्या कमांडला कंट्रोलरच्या नावाचा फिल्टर लावून बघा. इथे बरेचजण फसतात, एमडिस्क५ (सिस्टीमने डिस्कला दिलेलं नाव) म्हणजे लन ५ (बॉक्सने तिला दिलेला नंबर) असं नसतं, म्हणून लन नंबर आणि यूआयडी (डिस्कचा एकमेव ओळख नंबर) दोन्ही बॉक्सवरच्या यादीशी ताडून बघा. एलएसक्वोरमही बघा, क्वोरम डिस्क (सिस्टीमचे भाग एकमेकांपासून तुटले तर कोण चालू राहील ते ठरवायला लागते ती) याच बॉक्सवर असेल तर ती आधी दुसरीकडे न्या. मग आरएमएमडिस्कने डिस्क पूलमधून (अनेक डिस्कच्या एकत्र साठ्यातून) काढा, त्यांच्यावर डेटा असेल तर कमांडला फोर्स हा पर्याय लावावा लागतो आणि तो डेटा त्याच पूलच्या उरलेल्या डिस्कवर जातो, तिथे जागा आहे ना ते आधी बघा. याला वेळ लागतो, घाई नको. सगळ्या डिस्क अनमॅनेज्ड (कुठल्याच पूलमध्ये नसलेल्या) दिसल्या की मगच बॉक्सवर लनचं मॅपिंग, म्हणजे ते सिस्टीमला दिल्याची नेमणूक, काढा, आधी नाही, आणि परत डिटेक्टएमडिस्क. झोनमधूनही बॉक्स काढलात की एलएसकंट्रोलरच्या यादीत तो दिसायचा बंद होतो, तेव्हा वायरला हात लावायचा.