व्हॅन राहू द्या, आधी ती 'एफडी' परत करा

तुमचं वय 58, नोकरी संपलेली, पेन्शन नाही, सगळी मिळून जमा 48 लाख. भावनगर ते ओखा असा सौराष्ट्राचा किनारा दोघांनी दोन महिने तंबू टाकत, रमतगमत फिरायचा आहे. त्यासाठी 9 लाखांची जुनी व्हॅन घेऊन 3 लाखांत आत पलंग-ओटा बसवावा का, हा तुमचा प्रश्न. परतल्यावर ती भाड्याने देऊन पैसे वसूल करणार आहात. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: 'बँकेत 6 लाखांची एफडी केली, विमा फुकट मिळाला. पुढच्या वर्षीच्या हप्त्याचा मेसेज आलाय, तो चुकून आला असेल ना?'

चुकून नाही आलेला. एफडीला हप्ता नसतो. तुम्ही पाठवलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलंय: विमा पॉलिसी, दरवर्षी 6 लाख, 10 वर्षं. म्हणजे 60 लाख. तुमच्याकडे आहेत 48. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

एकच हप्ता भरून थांबलात, तर हातात येणारी रक्कम भरल्यापेक्षा बरीच कमी असते. नेटाने भरत राहिलात, तरी अशा पॉलिसींचा परतावा साधारण पाच-सहा टक्के. त्यातही 1 एप्रिल 2023 पासून पुढे घेतलेल्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता 5 लाखांच्या वर असेल, तर मुदतीअंती मिळणाऱ्या लाभावर कर लागतो. तो 'फुकटचा' विमा कुणासाठी? मुलगी कमावते, तुमच्यावर कुणी अवलंबून नाही.

सुटका आहे, पण घाई करा. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. पॉलिसीचा ईमेल 18 दिवसांपूर्वी आलाय, उरले 12. पॉलिसीचा छापील कागद, म्हणजे बाँड, परवा आला म्हणून निवांत राहू नका, ईमेलचीच तारीख धरा. अर्ज थेट विमा कंपनीला लेखी द्या आणि पोच घ्या. बँकेतला माणूस 'मी बघतो' म्हणेल. त्याला 12 दिवस काढायचेत. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवा.

आता व्हॅन. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही, अपघात झाला तर विमाही अडतो. आतले मोठे बदल करायलाही आरटीओची परवानगी लागते. म्हणजे वसुलीचा हिशेब संपला, आणि 12 लाख म्हणजे जमेचा चौथा हिस्सा.

तुमची हॅचबॅक आहे ना? फिरत फिरत 2,500 किलोमीटर धरले तरी पेट्रोल 17-18 हजार. चांगला तंबू, गाद्या, शेगडी 40 हजार. निम्म्या रात्री दीव, सोमनाथ, पोरबंदर, द्वारकेला खोली घेतलीत, तरी सगळं धरून अडीच-तीन लाखांत आरामात होईल. तेवढं जरूर खर्चा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. एप्रिलनंतर त्या उन्हात तंबूत दुपार काढवत नाही.